टीच ग्रँट : चार वर्षं शिकवलं तर अनुदान, नाही तर मागच्या तारखेपासूनच्या व्याजासह कर्ज

अमेरिकेत शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचं एक अनुदान आहे, त्याला टीच ग्रँट म्हणतात. २००७च्या कॉलेज कॉस्ट रिडक्शन अँड ॲक्सेस ॲक्टमधून ते आलं आणि २००८-०९पासून वाटप सुरू झालं. अट एकच, पण कडक. गरीब वस्तीतल्या शाळेत, शिक्षकांचा तुटवडा असलेला विषय, आठ वर्षांच्या आत चार पूर्ण शैक्षणिक वर्षं शिकवायचा. ती पुरी झाली नाही तर मिळालेली सगळी रक्कम सरकारी कर्ज होते, आणि व्याज लागतं ते पैसे हातात आले त्या दिवसापासून.

महाराष्ट्रात एमबीबीएसचा बाँड सगळ्यांना माहीत आहे. एक वर्ष सेवा, नाही केली तर १० लाख. तिथे दंडाचा आकडा पहिल्या दिवशी ठरलेला असतो. टीच ग्रँटमध्ये तो ठरलेला नसतो, वर्षागणिक वाढत जातो. म्हणून खालचं प्रकरण पहिल्या अर्जापासून शेवटच्या सहीपर्यंत सविस्तर मांडलं आहे. यातली शिक्षिका म्हणजे कुणी एक खरी व्यक्ती नव्हे. अशा अनेक घरांत दिसणारी परिस्थिती एकत्र करून ती उभी केली आहे. तिच्या नोकऱ्यांचे पगार गृहीत धरलेले आहेत, ग्रँटच्या रकमा, व्याजदर आणि नियम मात्र खरे आहेत.

परिस्थिती

पुण्यातून एमएस्सी गणित झालेली, लग्नानंतर न्यू जर्सीत आलेली, काही वर्षं एच-४ व्हिसावर घरी काढलेली आणि मग ग्रीन कार्ड मिळालेली एक बाई. वय पस्तिशीच्या आसपास, एक मूल. २०२३च्या सप्टेंबरमध्ये ती माध्यमिक गणित शिक्षणाच्या दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश घेते आणि मे २०२५मध्ये ते पूर्ण करते. दोन्ही वर्षं टीच ग्रँट घेते. शिवाय पहिल्या वर्षी २०,५०० डॉलरचं सरकारी विद्यार्थी कर्जही काढते. हातात पदवी आली की तिच्यापुढे दोन नोकऱ्या असतात. एक ग्रँटसाठी ग्राह्य शाळांच्या सरकारी यादीतल्या शाळेत, ६२,००० डॉलरची. दुसरी सधन उपनगरातल्या, यादीत नसलेल्या शाळेत, ६६,५०० डॉलरची.

पात्रता : पहिली अडचण व्हिसाची, दुसरी गुणांची

एच-४ असो, एफ-१ असो की एच-१बी, या व्हिसांवर केंद्र सरकारची विद्यार्थी मदत मिळत नाही. एच-४वर काम करायचा परवाना हातात असला तरी नाही. नागरिकत्व हवं किंवा ग्रीन कार्ड हवं. त्यामुळे ग्रीन कार्ड काही महिन्यांवर आलं असेल तर प्रवेश एका सत्रानं पुढे ढकलण्याचा विचार नक्की करावा. आर्थिक गरज दाखवावी लागत नाही, नवऱ्याचा पगार चांगला आहे म्हणून ग्रँट नाकारली जात नाही. तरीही फाफ्सा हा केंद्र सरकारच्या विद्यार्थी मदतीचा अर्ज भरावाच लागतो, आणि उत्पन्न जास्त आहे म्हणून तो भरलाच नाही ही चूक आपल्याकडच्या घरांत सर्रास होते.

गुणांची अट ४.०पैकी ३.२५ जीपीएची, म्हणजे सरासरी गुणांकाची. मास्टर्सच्या पहिल्या सत्रासाठी बॅचलर्सचे गुण बघतात, पुढे चालू अभ्यासक्रमाचे. भारतातले टक्के थेट चालत नाहीत, मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडून रूपांतर करून घ्यावं लागतं. ते करताना प्रत्येक विषयाचं वेगळं मूल्यमापन मागावं. नुसत्या 'पदवी समकक्ष आहे' अशा प्रमाणपत्रावर जीपीए निघत नाही आणि कॉलेजचं आर्थिक मदत कार्यालय अर्ज बाजूला ठेवतं. जुन्या विद्यापीठीय गुणपत्रिकांवर गणिताचे ६० टक्केही तेव्हा चांगले मानले जायचे, हे तिथल्या कारकुनाला ठाऊक असेलच असं नाही.

जीपीए कमी पडला तर दुसरी वाट आहे. प्रवेश परीक्षेच्या एका तरी विभागात ७५व्या पर्सेंटाइलच्या वर गुण हवेत. गणितवाल्यांना जीआरईचा संख्यात्मक विभाग इथे उपयोगी पडतो. या वाटेनं पात्र ठरलात तर प्रत्येक सत्राला जीपीए ३.२५ राखण्याची टांगती तलवारही राहत नाही. म्हणून जीपीए काठावर असेल तर जीआरई देऊन ठेवणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट अर्जाआधीच विचारून घ्यावी. सगळी कॉलेजं टीच ग्रँट देत नाहीत, आणि देणाऱ्या कॉलेजातलेही सगळे अभ्यासक्रम पात्र नसतात. 'माध्यमिक गणित' पात्र असेल आणि शेजारचा 'शैक्षणिक नेतृत्व' नसेल, असं होऊ शकतं.

पैसे किती आणि कसे

कायद्यात वर्षाला ४,००० डॉलर लिहिले आहेत. २०१३पासूनच्या सक्तीच्या खर्चकपातीमुळे प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत. १ ऑक्टोबर २०२०नंतर पहिला हप्ता पडलेल्या ग्रँटवर कपात ५.७ टक्के, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याला वर्षाला ३,७७२. पाऊणवेळ शिकणाऱ्याला त्याच्या तीन चतुर्थांश, अर्धवेळवाल्याला निम्मे. बॅचलर्ससाठी एकूण मर्यादा १६,००० आणि मास्टर्ससाठी ८,०००.

आपल्या प्रकरणात दर सत्राला १,८८६ याप्रमाणे चार हप्ते, एकूण ७,५४४ डॉलर. दरवर्षी आधी ऑनलाइन समुपदेशन, मग करारावर सही. या कराराचं नाव पूर्वी 'ॲग्रीमेंट टू सर्व्ह' होतं. जुलै २०२१पासून त्याला 'ॲग्रीमेंट टू सर्व्ह ऑर रीपे' म्हणतात, सेवा करा नाहीतर परत करा. सही करायला पाच मिनिटं लागतात आणि तिचा परिणाम दहा वर्षं पुरतो. पैसे नकोसे वाटले तर कॉलेजची नोटीस आल्यापासून १४ दिवसांत ग्रँट पूर्ण किंवा अंशतः रद्द करता येते. मास्टर्स कुठल्या शाळेसाठी करतोय हे मनाशी ठरलेलं नसेल तर या मुदतीचा उपयोग करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चार वर्षं म्हणजे नेमकं काय

इथे तीन अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, आणि बहुतेक जण त्यातली एकच लक्षात ठेवतात.

शाळा. सरकार दरवर्षी राज्यवार यादी काढतं, तिचं नाव टीचर कॅन्सलेशन लो इन्कम डिरेक्टरी. ती स्टुडंटएडच्या संकेतस्थळावर शोधता येते. शोध शाळेच्या नावानं आणि वर्षानं घ्यायचा, डिस्ट्रिक्टच्या नावानं नाही. एकाच गावातली प्राथमिक शाळा यादीत असते आणि हायस्कूल नसतं, हे नेहमीचं आहे. भरती करणारे 'आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये टायटल वन (गरीब मुलांसाठी केंद्राचा निधी मिळणाऱ्या) शाळा आहेत' असं सांगतात. ते खरंही असतं, पण आपली शाळा त्यात आहे की नाही हे त्यातून कळत नाही. दिलाशाची बाब ही, की तुम्ही शिकवायला लागलात त्या वर्षी शाळा यादीत असेल आणि नंतर वगळली गेली, तरी तिथली पुढची वर्षं धरली जातात. म्हणून पहिल्या वर्षीच्या यादीचं पान तारखेसह जतन करून ठेवायचं.

विषय. गणित, विज्ञान, विशेष शिक्षण, परकीय भाषा, द्विभाषिक शिक्षण व इंग्रजी भाषा संपादन, आणि वाचनतज्ज्ञ हे विषय देशभर ग्राह्य आहेत. त्याखेरीज राज्यवार तुटवड्याच्या यादीतले विषय. गणिताला राज्याच्या यादीची गरज नाही, हे मोठं सुख आहे. नवऱ्याची नोकरी टेक्सासला गेली तरी विषय तोच चालतो, फक्त तिथलं लायसन काढावं लागतं.

वेळ. राज्याच्या व्याख्येप्रमाणे पूर्णवेळ नोकरी, आणि तुमच्या एकूण वर्गांपैकी निम्म्याहून जास्त वर्ग त्या विषयाचे. निम्मे नव्हे, निम्म्याहून जास्त. सहापैकी तीन वर्ग गणिताचे असतील तर ते वर्ष बाद.

याच तिसऱ्या अटीवर आपली शिक्षिका अडखळते. पहिल्या वर्षी तिच्या वेळापत्रकात पाच वर्ग असतात, अल्जेब्राचे तीन आणि फायनान्शियल लिटरसीचे दोन. ६० टक्के, वर्ष धरलं जाणार. पुढच्या वर्षासाठी प्रिन्सिपल नवं वेळापत्रक दाखवतात : जॉमेट्रीचे दोन, फायनान्शियल लिटरसीचे तीन. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला आर्थिक साक्षरतेचे अडीच क्रेडिट लागतात आणि ते वर्ग कुणीतरी घ्यायचे असतात, ते बहुधा गणितवाल्यांच्या गळ्यात पडतात. यात कुणाचा दुष्टावा नसतो. प्रिन्सिपलना टीच ग्रँटची अट माहीतच नसते.

त्यावर उपाय एकच, आणि तो एप्रिल-मे महिन्यात करायचा असतो, सप्टेंबरमध्ये नाही. वेळापत्रकं उन्हाळ्याच्या आधी पक्की होतात. प्रिन्सिपलना ईमेल लिहायची : माझ्यावर केंद्र सरकारच्या ग्रँटची सेवा अट आहे, तिच्यासाठी पाचपैकी किमान तीन वर्ग गणिताचे असावे लागतात, पुढच्या वर्षीही तसे ठेवता येतील का? बहुतेक प्रिन्सिपल एक वर्ग सहज बदलून देतात. आणि फायनान्शियल लिटरसीचा वर्ग शाळेच्या नोंदीत गणित विभागाखाली आहे की व्यवसाय शिक्षणाखाली, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्यायचं. वर्षअखेरीस प्रमाणपत्रावर सही शाळेच्या प्रमुखांचीच लागते. त्यांनी मेमध्ये लेखी दिलेलं उत्तर पुढच्या जूनमध्ये कामाला येतं.

वर्ष अर्धवट राहिलं तर

पूर्ण वर्ष म्हणजे शाळेचं एक पूर्ण वर्ष, किंवा लागोपाठची दोन अर्धी वर्षं. जानेवारीत रुजू झालात तर ते सत्र आणि पुढच्या सप्टेंबरपासूनचं सत्र मिळून एक वर्ष होतं. मधली उन्हाळी शाळा मोजत नाहीत. नोव्हेंबरमध्ये रुजू होणाऱ्याचं मात्र पहिलं अर्धं वर्षही पूर्ण होत नाही आणि जूनपर्यंत शिकवूनही हाती अर्धंच लागतं.

बाळंतपण, स्वतःचं गंभीर आजारपण, आई-वडिलांचं गंभीर आजारपण ही कौटुंबिक व वैद्यकीय रजेच्या केंद्रीय कायद्यात बसणारी कारणं आहेत. अशा कारणानं किमान निम्मं वर्ष शिकवून रजेवर जावं लागलं आणि शाळेनं पगारवाढ व सेवाज्येष्ठतेसाठी ते वर्ष पुरं मानलं, तर ते ग्रँटसाठीही पुरं धरतात. त्याच कारणांसाठी आठ वर्षांचं घड्याळ थांबवताही येतं, एका वेळी एक वर्ष, एकूण तीन वर्षांपर्यंत. अर्ज ग्रँटचं कर्ज होण्याच्या आत जायला हवा.

आपल्या घरांसाठी यातली एक बोचरी बाब सांगायलाच हवी. त्या कायद्यात आई-वडील येतात, सासू-सासरे येत नाहीत. सासूबाईंच्या आजारपणासाठी सून सहा महिने पुण्याला आली तर शाळा बिनपगारी रजा कदाचित देईल, पण घड्याळ थांबणार नाही. तीच रजा मुलानं घेतली तर ती त्याच्या आईसाठी असते आणि कायद्यात बसते. घरात रजा कुणी काढायची हे ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा. आणि त्या सहा महिन्यांत पुण्यातल्या एखाद्या गरीब वस्तीतल्या शाळेत गणित शिकवलं, तरी ते मोजत नाहीत. यादी अमेरिकेतल्या शाळांचीच आहे.

न केल्यास किती पडतं

कर्जात रूपांतर झालेल्या ग्रँटला ती मिळाली त्या वर्षीच्या अनुदानरहित सरकारी कर्जाचा (ज्याच्या व्याजाचा भार सरकार उचलत नाही) दर लागतो. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी २०२३-२४चा दर ७.०५ टक्के, २०२४-२५चा ८.०८. म्हणजे पहिल्या ३,७७२वर वर्षाला सुमारे २६६ डॉलर, दुसऱ्यावर सुमारे ३०५. दोन्ही मिळून वर्षाला ५७१.

मे २०२५मध्येच 'मला यादीतल्या शाळेत जायचं नाही' असं ठरवून तिनं स्वतःहून रूपांतर मागितलं, तर साचलेलं व्याज सुमारे ६१० आणि देणं सुमारे ८,१५०.

काहीच ठरवलं नाही आणि सप्टेंबर २०२९पर्यंत सेवा सुरूच केली नाही, तर उरलेल्या काळात चार वर्षं बसत नाहीत, कारण आठ वर्षांची खिडकी मे २०३३ला बंद होते. मग रूपांतर आपोआप होतं. व्याज सुमारे ३,०३०, देणं सुमारे १०,५७५.

सगळ्यात वाईट प्रसंग तिसरा. तीन वर्षं प्रामाणिकपणे शिकवलं, मग सधन शाळेत गेली, चौथं वर्ष 'नंतर बघू' म्हणून राहिलं. सप्टेंबर २०३२ उलटला की एक वर्षही बसत नाही. व्याज सुमारे ४,७५०, देणं सुमारे १२,३००. तीन वर्षांच्या सेवेला तीन चतुर्थांश सूट नाही. शून्य आहे. एकही दिवस न शिकवणाऱ्यापेक्षा तीन वर्षं शिकवणारी जास्त देणं लागते, हा या योजनेचा सर्वात मोठा अन्याय आहे असं आम्हाला वाटतं. पण नियम आज तसा आहे आणि त्याप्रमाणेच हिशेब करावा लागतो.

दोन नोकऱ्यांचा हिशेब

पगारातला फरक वर्षाला ४,५००. पाच वर्षांचा २२,५००, कर आणि पेन्शनची वर्गणी जाऊन हातात अंदाजे १६,०००. नुसती ७,५४४ डॉलरची ग्रँट वाचवण्यासाठी कमी पगाराची नोकरी धरणं पैशाच्या दृष्टीनं परवडत नाही. हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

मात्र तिच्या डोक्यावर २०,५००चं दुसरं कर्जही आहे. त्यासाठी टीचर लोन फर्गिव्हनेस ही वेगळी योजना आहे. त्याच यादीतल्या शाळेत पाच सलग पूर्ण वर्षं माध्यमिक गणित किंवा विज्ञान, किंवा विशेष शिक्षण शिकवलं तर १७,५०० डॉलरपर्यंत माफी मिळते, इतर विषयांना ५,०००. आकडा मोठा दिसतो, पण माफी उरलेल्या रकमेचीच होते. दहा वर्षांच्या नेहमीच्या हप्त्यांनी, महिना सुमारे २३९ डॉलर भरत गेल्यास, पाच वर्षांनी मुदलापैकी साधारण १२,००० उरलेले असतात. म्हणजे यादीतल्या शाळेचा खरा लाभ ७,५४४ अधिक १२,०००, सुमारे १९,५००. समोर १६,०००. पारडं थोडं यादीतल्या शाळेकडे झुकतं, तेही पाच वर्षं टिकली तर. चौथ्यानंतर सोडली तर पारडं उलटं फिरतं. दोन्ही शाळांचा रोजचा प्रवास आणि आरोग्यविम्याचा हप्ता यात धरलेला नाही, तो प्रत्येकानं आपापला मांडावा.

ती यादीतली शाळा निवडते, कारण ती घरापासून जवळ आहे आणि पाच वर्षं तिथे राहायची तिची तयारी आहे. तयारी नसती तर मे २०२५मध्येच रूपांतर मागून ८,१५० डॉलर फेडायला घेणं, हाच कमी नुकसानीचा मार्ग होता.

कागद

या योजनेला बदनामी मिळाली ती कागदांमुळे. जुन्या नियमात वार्षिक प्रमाणपत्र चुकलं की रूपांतर व्हायचं. सही राहिली, तारीख राहिली, पत्र काही दिवस उशिरा पोचलं, एवढ्यावरून सेवा करत असलेल्या शिक्षकांची अनुदानं कर्ज झाली. सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१५च्या अहवालात नोंदवलं, की जून २०१४पर्यंत १,१२,०००हून अधिक लाभार्थ्यांपैकी सुमारे ३६,००० जणांच्या ग्रँटचं कर्ज झालं होतं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात, जुलै २०१४पूर्वी सुरुवात केलेल्यांमध्ये हे प्रमाण ६३ टक्के निघालं. त्याच वर्षी एनपीआर रेडिओनं शिक्षकांच्या कहाण्या लावून धरल्या, आणि डिसेंबर २०१८मध्ये शिक्षण खात्यानं पुनर्विचाराची सोय जाहीर केली.

जुलै २०२१पासून नुसतं वार्षिक प्रमाणपत्र चुकलं म्हणून रूपांतर होत नाही. ते दोनच कारणांनी होतं : तुम्ही स्वतः मागितलं, किंवा उरलेल्या वेळेत चार वर्षं बसेनाशी झाली. सरकारकडून दर वर्षी उरलेला काळ आणि साचलेलं व्याज सांगणारी नोटीस येते. चुकीनं रूपांतर झालंच तर पुरावे देऊन ते उलटवून घेता येतं.

तरी प्रमाणपत्र दरवर्षी भरावंच. मास्टर्सचं शिक्षण संपल्यावर १२० दिवसांत 'शिकवते आहे' किंवा 'शिकवणार आहे' असं कळवायचं, आणि मग प्रत्येक जूनमध्ये, शाळेचा शेवटचा दिवस झाला की लगेच, प्रमुखांची सही घ्यायची. चार वर्षांची प्रमाणपत्रं एकदम शेवटी करू म्हटलं तर तोवर प्रिन्सिपल बदललेले असतात. हिशेब ठेवणारी कंपनीसुद्धा बदलते : २०२२मध्ये हे काम फेडलोनकडून मोहेलाकडे गेलं. म्हणून आपली प्रत आपल्याकडे हवी.

आपल्या शिक्षिकेच्या फोल्डरमध्ये या गोष्टी असतात : सही केलेले दोन्ही करार, चारही हप्त्यांच्या तारखा, २०२५-२६च्या यादीतलं शाळेचं पान, दर सप्टेंबरचं वर्गनिहाय वेळापत्रक, प्रिन्सिपलची मेमधली ईमेल, नेमणुकीचं पत्र आणि दर जूनचं सही-तारखेसहित प्रमाणपत्र. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि नेमणूकपत्रावर सासरचं असेल तर लग्नाच्या दाखल्याची इंग्रजी प्रतही. प्रमाणपत्र पाठवण्याआधी तीन रकाने तपासायचे : सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विषयाचा रकाना, आणि सहीखालची तारीख. सहीची तारीख शाळेच्या शेवटच्या दिवसाआधीची असेल तर वर्ष पूर्ण झाल्याचं त्यातून सिद्ध होत नाही आणि फॉर्म परत येतो. चौथं प्रमाणपत्र जून २०२९मध्ये जाईल. अट पूर्ण झाल्याचं लेखी पत्र हातात येईपर्यंत फोल्डर बंद करायचं नाही.